तुलनेची तीन घरे

४ जानेवारी

ही जाड पुठ्ठ्याची वही मुळात विद्यार्थ्यांच्या गुणांसाठी आणली होती. शाळेतून निवृत्त होऊन सात महिने झाले, गुण द्यायला कोणी उरले नाही. म्हणून आजपासून हिच्यात स्वतःची नोंद ठेवणार आहे. निमित्तही तसेच आहे. काल गृहकर्ज कंपनीचे पत्र आले. त्यांच्या मूल्यांकनकारांच्या यादीत माझे नाव घेतले आहे. एकोणसाठाव्या वर्षी या विषयाची परीक्षा दिली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बरीच थट्टा झाली होती. असो.

मूल्यांकन म्हणजे काय, हे आरंभीच स्वच्छ मांडतो. कोणी घर घेण्यासाठी कर्ज मागितले की कंपनीला प्रश्न पडतो, हे घर खरोखर कितीचे आहे? उत्तर भिंतींत सापडत नाही, शेजारात सापडते. त्याच भागात, गेल्या वर्ष-दीड वर्षात विकली गेलेली, त्याच जातीची तीन घरे शोधायची. एकाला गच्ची असेल तर तेवढी किंमत वजा करायची, दुसऱ्याचा जिना मोडका असेल तर तेवढी मिळवायची. तिन्ही उत्तरे जवळजवळ आली की त्यांच्या मध्यभागी आपले घर उभे असते. अज्ञात बिंदू तीन ज्ञात बिंदूंवरून शोधण्याइतकी ही सुंदर रीत आहे! तीस वर्षे फळ्यावर जी भूमिती शिकवली, ती आता रस्त्यावर उतरून करायला मिळणार.

ही म्हणाली, "करा हो, हौसेनं करा. फक्त कुणाकडे चहाला गेलो की टेप काढत बसू नका."

११ जानेवारी

पहिले काम. लिफाफ्यात घराचा पत्ता, मालकाचा फोन आणि एक लहानशी पिवळी चिठ्ठी. चिठ्ठीवर शाखाधिकाऱ्यांच्या हस्ताक्षरात एवढेच: "अपेक्षित ४० लाख."

मी फोन करून विचारले. शाखाधिकारी वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे, बोलणे अत्यंत अदबीचे. "सर, ती फक्त दिशा आहे. सौदा तेवढ्याला ठरलाय, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून. बाकी तुम्हाला पूर्ण स्वातंत्र्य."

घर दोन तास मोजले. तुलनेची तीन घरे शोधली. उत्तर आले ३६. पेन्सिलने लिहिले आणि पुन्हा विचार केला. नव्या हाताचा माणूस भिडस्त असतो, तो कमी बोलतो. बाग चार मिनिटांवर आहे, तिचे मी काहीच धरले नव्हते. खिडक्या पूर्वेला आहेत. सर्व नीट जमेस धरल्यावर ३९.५ झाले. शाखाधिकारी म्हणाले, "व्वा सर! पहिल्याच कामात नेम."

कार्यालयीन प्रतीला माझी पेन्सिलीची आकडेमोड आणि पिवळी चिठ्ठी टाचून ठेवली. आलेला प्रत्येक कागद त्याच्या प्रकरणात राहिला पाहिजे. शाळेतही माझी कपाटे अशीच होती.

२ मार्च

बावीस घरे झाली. एक निरीक्षण नोंदवण्यासारखे आहे. आरंभी माझे उत्तर आणि चिठ्ठीवरचा आकडा यांत दहा टक्क्यांचे अंतर पडे. आता ते एका टक्क्यावर आले आहे. नजर तयार होणे म्हणतात ते हेच.

मध्यंतरी एका घराला मी चिठ्ठीपेक्षा पाच लाख कमी लिहिले. खाली ओल होती, नाइलाज होता. त्यानंतर नऊ दिवस एकही लिफाफा आला नाही. कंपनीत बहुधा वार्षिक हिशेबांची गडबड असावी.

हिला मी सारी पद्धत जेवताना समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "अहो, मुलं पुस्तकामागचं उत्तर आधी बघून मग गणित करायची, तेव्हा तुम्ही त्यांना काय म्हणायचात?"

"तो प्रकार वेगळा," मी म्हणालो.

"मी कुठं काय म्हणतेय? भाजी घ्या."

१९ मार्च

आज आक्काकडे. आक्का माझी थोरली बहीण. भावजी गेल्यापासून राहत्या घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते, मुख्यतः शाळांचे गणवेश. मी पहिल्या पगारातून सदरा शिवायला दिला तो तिलाच, आणि तिने शिलाई घेतली नव्हती. त्या सदऱ्याचा उल्लेख ती अजून वर्षातून दोनदा करते.

शाखाधिकाऱ्यांना पँटची उंची कमी करून हवी होती, म्हणून मीच त्यांना तिच्याकडे नेले होते. त्यांनी घर पाहिले, चौकशी केली आणि तिला एक योजना सुचवली. हे घर तारण ठेवायचे, मिळालेल्या कर्जातून टेकडीमागच्या नव्या वसाहतीत दुसरे घर घ्यायचे, ते भाड्याने द्यायचे आणि भाड्यातून हप्ता भरायचा. आक्काने मला बोलावले ते एवढ्यासाठी की मी तिला हे समजावून सांगावे.

"मला सुईचं नेढं दिसेनासं झालंय बाळ. किती दिवस पायडल मारू? भाडं येत राहिलं तर बसून खाईन. पण मला कळलं पाहिजे. तू सांग, तुला सांगता येतं."

कापायच्या टेबलावर तपकिरी कागद अंथरला, तिचाच खडू घेतला आणि दीड तास समजावले. पहिली दोन वर्षे हप्ता हलका. त्यानंतर व्याजदर मोकळा होतो, म्हणजे बाजाराप्रमाणे चढतो. पण तोवर दोन्ही घरांच्या किमती वाढलेल्या असतात. त्या वाढीव किमतीवर नवे, स्वस्त कर्ज घ्यायचे आणि जुने फेडून टाकायचे.

"आणि नाही वाढल्या तर?"

मी बारा वर्षांचा आलेख काढून दाखवला. रेषा एकदाही खाली आलेली नाही.

आक्काने चष्मा कपाळावर सरकवला. "कापड आटतं की नाही, ते धुतल्याशिवाय कळत नाही रे. तुझं हे कापड धुतलंय का कधी कुणी?"

दोघेही खूप हसलो. शेवटी ती म्हणाली, "तू सांगतोयस ना? मग झालं." तो कागद तिने घडी करून मापाच्या वहीत ठेवला. मला मनापासून समाधान वाटले. इतके अवघड प्रकरण इतक्या सोप्या शब्दांत क्वचितच मांडता येते.

६ एप्रिल

सख्ख्या बहिणीच्या घराचे मूल्यांकन मी करणे योग्य नाही, असे मी स्वतःहून कळवले. शाखाधिकाऱ्यांनी ते काम दुसऱ्या मूल्यांकनकारांना दिले. हे गृहस्थ दिवसाला सहा घरे उरकतात, म्हणून शाखेत त्यांना सगळे "तुफान" म्हणतात. अहवाल काल आला: ४४ लाख. तुलनेची तीन घरे त्यांनी माझ्याच अहवालांतून घेतली आहेत. आपल्या कामावर इतरांनी विसंबावे, हा शिक्षकालाच कळणारा आनंद आहे.

अर्जात आक्काची मासिक मिळकत तिप्पट लिहिलेली दिसली. शाखाधिकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, "सर, शिवणकाम हा व्यवसाय आहे. व्यवसायाची आजची मिळकत नाही, संभाव्य मिळकत धरतात." या अंगाने मी विचार केला नव्हता.

आक्का फोनवर म्हणाली, "अरे, तो तुझा मापणारा आलाच नाही. मी दिवसभर चहाचं पाणी ठेवून बसले."

बाहेरून मापण्याचीही एक मान्य रीत आहे, हे मी तिला समजावले.

२३ नोव्हेंबर

वहीला दीड वर्षाहून अधिक काळ हात लागला नाही. घरे आता बहुतेक तुफानांकडे जातात, माझ्याकडे महिन्याला एक-दोन येतात, म्हणून नोंदीही राहिल्या. आक्काचे दुसरे घर भाड्याने गेले, हप्ते वेळेवर जात आहेत.

सकाळच्या फेरीत मी हल्ली "विकणे आहे" या पाट्या मोजतो. मागील महिन्यात बाजारापर्यंत नऊ होत्या, आज चौदा. एका पाटीवर जुना आकडा खोडून खाली नवा लिहिला आहे, तोही खोडला आहे. यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. चढण चढणारा माणूस मध्येच थांबून दम खातो, तसा बाजार दम खातो आहे. गंमत अशी की पिवळ्या चिठ्ठ्यांवरचे आकडे मात्र तसूभर खाली आलेले नाहीत. कंपनीला दूरचे दिसत असणार.

९ मे

आक्काचा व्याजदर गेल्या महिन्यात मोकळा झाला. हप्ता जवळजवळ पावणेदोन पट. ठरल्याप्रमाणे नवे कर्ज मागण्यासाठी अर्ज केला. शाखाधिकाऱ्यांनी सांगितले की सध्या नवी कर्जे स्थगित आहेत, "थोडे दिवस, सर." टेकडीमागच्या वसाहतीतला भाडेकरू निघून गेला. तेथे आता निम्म्या खिडक्यांना पडदे नाहीत.

आक्काकडे गेलो तेव्हा कापडाच्या कडा शिवायचे ओव्हरलॉक मशीन जागेवर नव्हते. फरशीवर तेवढाच स्वच्छ चौकोन उरला होता.

"दुरुस्तीला दिलंय," आक्का म्हणाली.

"एवढं जड मशीन नेलं? माणूस घरी यायचा ना?"

"नवीन माणूस आहे. तू चहा घे."

काजाचे मशीनही दुरुस्तीला गेले आहे. दोन्ही एकदम बिघडावीत, हा योगायोगच.

घरी येऊन हिला सांगितले. ती भांडे पुसता पुसता थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली. "अहो, तुम्ही खरंच इतके हे आहात, का मला छळताय?"  मी बराच वेळ त्या चौकोनाचा विचार करत होतो. मग पैसे घेऊन पुन्हा आक्काकडे गेलो. तिने घेतले नाहीत.

२१ जून

आजचा दिवस सविस्तर लिहिला पाहिजे.

शाखाधिकाऱ्यांनी मला नव्या मूल्यांकनकारांसाठी एक पुस्तिका लिहायला सांगितले आहे. माझ्या आवडीचे काम. पद्धत डोळ्यांना दिसावी म्हणून मी एक मोठा नकाशा घेतला. मी मोजलेली एकसष्ट घरे त्यावर बिंदूंनी दाखवली. मग प्रत्येक घरापासून, त्याने ज्या तीन घरांचा आधार घेतला, त्यांच्याकडे बाण काढले. हेतू असा की विद्यार्थ्याला दिसावे, प्रत्येक किंमत खऱ्या विक्रीवर कशी भक्कम टेकलेली असते.

सकाळभर बाण काढले. चित्र देखणे झाले. मग एक बाण सहज बोटाने मागे मागे नेला. साठावे घर एकेचाळिसाव्यावर टेकले होते, एकेचाळिसावे सतराव्यावर, सतरावे चौथ्यावर, चौथे पहिल्यावर. दुसरा बाण घेतला, तोही पहिल्याच घरापाशी आला. नऊ वेळा केले. वाटा वेगळ्या, शेवट एकच.

ही सर्व घरे खरोखर विकली गेली होती, हे खरे. परंतु ती त्या किमतीला विकली गेली, कारण तेवढे कर्ज मिळाले. कर्ज तेवढे मिळाले, कारण मी तेवढी किंमत लिहिली. आणि मी ती लिहिली, कारण आधीची घरे त्या किमतीला विकली गेली होती.

मग पहिले घर कशावर टेकले आहे? कपाटातून ११ जानेवारीचे प्रकरण काढले. पेन्सिलीत ३६. शाईत ३९.५. आणि टाचणीला पिवळी चिठ्ठी.

बाग चार मिनिटांवर नाही. आज चालत जाऊन पाहिले. अकरा मिनिटे लागतात.

नकाशाच्या तळाशी मी तो शेवटचा आधार काढला, एक लहान चौकोन, आणि पिवळा रंग दिला. आक्काचे घर माझ्या यादीत नव्हते. ते बासष्टावे म्हणून काढले. तुफानांनी घेतलेली तीन घरे माझीच. तिचेही तिन्ही बाण खाली त्या चौकोनापाशी आले.

२४ जून

नकाशा घेऊन शाखेत गेलो. शाखाधिकाऱ्यांनी तो हातात धरून कौतुकाने पाहिला. "काय सुबक काढलंय, सर! फ्रेम करायला हवं."

मी म्हणालो, "हे पाहा, एकही घर जमिनीवर नाही."

"सर, बाजार म्हणजे विश्वास. सगळ्यांनी सगळ्यांवर ठेवलेला. तुम्ही एकट्यानं काढून घेतलात तर पडणार कोण? लोकच ना?"

"आणि पिवळ्या चिठ्ठ्या?"

त्यांचा चेहरा प्रथमच जरा बदलला. "कसल्या चिठ्ठ्या, सर? त्या तुम्ही ठेवल्यात की काय?"

"प्रत्येक कागद त्याच्या प्रकरणात राहायला हवा."

त्यांनी नकाशाची गुंडाळी करून माझ्या हाती दिली. मग म्हणाले, "तुम्ही खरंच मास्तर आहात हो."

१५ जुलै

आक्काला जप्तीची नोटीस आली. तीन हप्ते थकले आहेत. साठ दिवसांत भरले नाहीत तर राहते घर लिलावात जाईल. टेकडीमागचे घर विकायला काढले होते. सर्वांत मोठी बोली आली ती कर्जाच्या निम्म्याहून कमी.

मशीन दुरुस्तीला गेलेली नव्हती, हे मला आज कळले असे लिहिणार होतो. ते खरे नाही. फरशीवरचा चौकोन पाहिला तेव्हाच कळले होते.

आक्काने मापाची वही उघडली आणि तो तपकिरी कागद टेबलावर पसरला. माझे अक्षर, माझा आलेख, तिचा खडू. मला वाटले ती आता बोलेल. ती म्हणाली, "अक्षर किती छान आहे रे तुझं. बघ ना, एक रेष पुसट नाही."

याहून शिव्या बऱ्या होत्या.

३० जुलै

नियामक कार्यालयाकडून शाखेची तपासणी सुरू झाली आहे. तपासणी अधिकारी पन्नाशीच्या बाई आहेत. बोलणे थोडे, डबा बरोबर, सर्व मूल्यांकनकारांनी आपापल्या कार्यालयीन प्रती गुरुवारपर्यंत द्याव्यात असा लेखी आदेश.

मी त्यांना थेट विचारले, की एखाद्या कर्जदाराच्या घराची किंमत, किंवा ती ज्या घरांवर बेतली त्यांची किंमत, मोजण्याआधीच ठरली होती असे निघाले, तर काय होते?

"लेखी पुरावा असेल तर जप्ती थांबते. कर्ज खऱ्या किमतीवर आणि खऱ्या मिळकतीवर नव्यानं बसवावं लागतं. राहतं घर सहसा वाचतं."

"आणि ज्यानं ती किंमत लिहिली त्याचं?"

"त्याचं नाव यादीतून जातं. कधी कधी खटलाही होतो." मग चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "पण असा पुरावा कुणी ठेवत नाही हो. सहा शाखा तपासल्या मी. कुणीच ठेवत नाही."

३१ जुलै

शाखाधिकारी घरी आले. फळे आणली होती. हिने पाणी दिले, पण बसा म्हणाली नाही.

"सर, प्रती द्यायच्याच आहेत, द्या. फक्त त्या चिठ्ठ्या तेवढ्या काढा. त्या काही अहवालाचा भाग नाहीत, आपल्या आपसातल्या. आक्कांचं मी बघतो, सहा महिने मुदत मिळवून देतो, शब्द देतो."

"आणि सहा महिन्यांनी?"

"तोवर बाजार उठेल."

हे वाक्य माझेच होते. आक्काच्या टेबलावर खडूने लिहिलेले.

ते गेल्यावर ही समोर येऊन बसली. म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय ते करा. मी काही सांगायची नाही. फक्त ती फळं परत नेऊन द्या, वास सुटलाय घरभर."

आक्काला फोन करून दोन्ही वाटा सांगितल्या. माझे काय होईल, तेही सांगितले. 

"माझ्यासाठी नको रे करू. उद्या तुला कोर्टात उभं केलं तर मी त्या घरात बसून काय करू?"

"आक्का, तुझ्यासाठी नाही. एकसष्ट घरं आहेत."

"मग मला कशाला विचारतोस?" आणि एकदम पूर्वीच्या आवाजात, "मला विचारून चिठ्ठ्या जमवल्या होत्यास का?"

१ ऑगस्ट

एकसष्ट प्रकरणे रिक्षाने नेली. टाचण्या जशाच्या तशा. वर नकाशा ठेवला.

तपासणी अधिकाऱ्यांनी पहिले प्रकरण उघडले. चिठ्ठी पाहिली, पेन्सिल पाहिली, शाई पाहिली. दुसरे उघडले. पाचव्यापाशी थांबून विचारले, "या तुम्ही का ठेवल्यात?"

 पुरावा म्हणून ठेवल्या असे म्हणता आले असते. मी म्हणालो, "सवय. त्यांचा अर्थ काय, याचा मी विचारच केला नाही. मुलं मागचं उत्तर बघून गणित करायची, तर मी त्यांना शून्य द्यायचो. मीही तेच केलं. एकसष्टांत साठ वेळा."

त्यांनी ते लिहून घेतले. मी सही केली.

१८ सप्टेंबर

यादीतून माझे नाव काढल्याचे पत्र आले. खटल्याबाबत पुढे कळवतील. शाखाधिकाऱ्यांची बदली झाली म्हणतात, कोणी म्हणते निलंबन. तुफान अजून घरे मोजत आहेत, दुसऱ्या कंपनीसाठी.

आक्काची जप्ती थांबली. टेकडीमागचे घर गेले, साठवलेले सगळे त्यात गेले. राहत्या घरावरचे कर्ज नव्याने बसेल. त्यासाठी नवे मूल्यांकन होईल, अनोळखी माणसाकडून. मशीन परत आलेली नाहीत. एकावरच शिवते आहे, आणि सुईत दोरा ओवायला संध्याकाळी मी जातो.

आज दोरा ओवून झाल्यावर तिने विचारले, "खरं सांग आता. माझं घर कितीचं आहे?"

मी तोंड उघडले. तुलनेची तीन घरे, बाजाराचा कल, सर्व ओठांवर आले. मग पाहिले तर आधार घ्यावा असे एकही घर माझ्या ओळखीचे उरले नव्हते.

"मला माहीत नाही, आक्का."

तिने शिवण थांबवली. चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिले आणि तोंडभर हसली. "साठ वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय. थांब, लिहून ठेवते." मग गळ्यातला टेप काढून त्याचे एक टोक माझ्या हातात दिले. "किंमत राहू दे. लांबी तरी सांग. कुणी मापलीच नाहीये अजून."

ती खिडकीपाशी उभी राहिली, मी दारापाशी. पाच फुटांचा टेप, तीनदा लावावा लागला. तुफानांच्या अहवालात ही खोली सोळा फूट आहे.

भिंत ते भिंत: अकरा फूट, चार इंच.